गुडघा बदलल्यानंतरची फिजिओथेरपी: एका केंद्राच्या सेवेचे परीक्षण

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया साधारण दीड-दोन तासांत आटोपते. त्यानंतरचे काम मात्र कित्येक महिने चालते आणि त्यातला मोठा भाग शल्यविशारदांच्या हातात नसतो. माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचे रोपण झाल्यानंतर आम्ही ज्या फिजिओथेरपी केंद्राची सेवा घेतली, तिचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्यांच्या घरी असे ऑपरेशन ठरले आहे त्यांना बहुधा आपल्या जवळच्याच केंद्रात जावे लागेल, तेव्हा चांगली सेवा कशावरून ओळखायची हे कळणे त्यांना अधिक उपयोगाचे ठरेल. माझे मत आधीच सांगते: तपासणी, शिकवणे आणि नोंदी ठेवणे या बाबतींत हे केंद्र उत्तम आहे, वेळेचे नियोजन आणि उपचार संपल्यानंतरचा पाठपुरावा यांत ते कमी पडते.

नवा सांधा बसवला की चालणे आपोआप सुधारेल, अशी आमच्या घरात सर्वांचीच समजूत होती आणि ती समजूत बहुतेक घरांत असते. सांधा नवा असला तरी त्याला हलवणारे स्नायू जुनेच असतात, आणि वर्षानुवर्षे दुखऱ्या पायावर भार टाकणे टाळल्यामुळे ते ऑपरेशनच्या आधीच अशक्त झालेले असतात. त्यात शस्त्रक्रियेनंतर सांध्यात सूज आली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञा मज्जासंस्थेच्या पातळीवरच दाबली जाते. रुग्ण मनापासून जोर लावतो, पण स्नायू पूर्ण क्षमतेने आकुंचन पावतच नाही. पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटू शकते. म्हणूनच पलंगावर पडलेल्या माणसाला आपला पाय सरळ उचलता येत नाही तेव्हा त्याला आळशी किंवा भित्रा ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. केंद्रातल्या थेरपिस्टने पहिल्याच भेटीत हे आईला आणि आम्हा सर्वांना समोर बसवून समजावले, आणि त्या दिवसापासून घरातले "अगं, जरा प्रयत्न तर कर" हे वाक्य बंद झाले. उपचाराच्या दृष्टीने ही गोष्ट लहान वाटेल, पण जी व्यक्ती दिवसभर स्वतःला दोष देत होती तिच्यावर या गोष्टीचा झालेला परिणाम मी जवळून पाहिला आहे.

पहिल्या भेटीचा बहुतेक वेळ तपासणीतच गेला. थेरपिस्टने आधी डिस्चार्ज कार्ड पूर्ण वाचले, रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे का आणि किती दिवस घ्यायचे आहे ते विचारले, जखमेची पाहणी केली, दोन्ही पोटऱ्या हलक्या हाताने दाबून पाहिल्या आणि टेपने दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजून सूज किती आहे ते लिहून घेतले. मग गोनिओमीटर, म्हणजे दोन लांब पट्ट्यांचे कोनमापक, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला धरून पाय किती वाकतो आणि किती सरळ होतो हे मोजले. वाकणे ७० अंशांवर अडत होते आणि पाय पूर्ण सरळ व्हायला ८ अंश कमी पडत होते. या आकड्यांचा रोजच्या जगण्याशी काय संबंध आहे, हेही तिने तिथेच सांगितले: सपाट जमिनीवर चालताना गुडघा सुमारे ६५ ते ७० अंश वाकतो, जिना चढता-उतरताना साधारण ९० अंशांच्या आसपास, आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला त्याहूनही थोडा अधिक. शेवटी तिने आईला विचारले, "काकू, तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवंय?" आई म्हणाली, "जिना. कुणाचा हात न धरता." वहीच्या पहिल्या पानावर हे वाक्य जसेच्या तसे लिहिले गेले आणि पुढची आखणी त्याला धरून झाली. रुग्णाचे उद्दिष्ट रुग्णालाच विचारणारी सेवा अजून सर्रास आढळत नाही, म्हणून मी याची मुद्दाम नोंद करते आहे.

बहुतेक लोकांचे सगळे लक्ष गुडघा किती वाकतो याकडे असते. नातेवाईकही फोनवर तेवढेच विचारतात. या केंद्राने मात्र सुरुवातीचा भर पाय पूर्ण सरळ होण्यावर दिला, आणि माझ्या मते त्यांच्या कामातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता. गुडघा जरासा वाकलेला ठेवून माणूस उभा राहिला तर मांडीच्या स्नायूला क्षणभरही विश्रांती मिळत नाही. पाय लवकर थकतो, चालताना शरीर एका बाजूला झुकते आणि कालांतराने कंबर आणि दुसरा गुडघाही दुखायला लागतो. सांधा सुजलेला असताना तो किंचित वाकवून ठेवला की आराम पडतो, त्यामुळे रुग्ण साहजिकच गुडघ्याखाली उशी घेतो आणि घरचे लोक प्रेमाने ती उशी आणखी जाड करून देतात. आईच्या पलंगावरही अशी उशी होती. थेरपिस्टने ती काढून बाजूला ठेवायला सांगितली आणि तिच्याऐवजी टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवायला लावली, म्हणजे गुडघा अधांतरी राहून पायाच्या वजनानेच हळूहळू खाली बसतो. असे काही मिनिटे, दिवसातून अनेक वेळा. पहिल्या दिवशी आईला ते फार अवघड गेले, कारण ताण गुडघ्याच्या मागे खोलवर जाणवतो आणि तो टाक्यांच्या दुखण्यापेक्षा निराळा असतो. त्याच गुंडाळीचा दुसरा उपयोग असा, की ती गुडघ्याखाली सारून गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत तशीच दाबून धरायची आणि मग सोडायची. दाबताना मांडीवर स्वतःचा तळहात ठेवायचा आणि स्नायू कडक होतो आहे का, हे आपणच तपासायचे. सुरुवातीला आईच्या हाताला काहीच जाणवत नव्हते. काही दिवसांनी वाटीच्या जरा वर एक हलकीशी हालचाल जाणवली, आणि तिने मला हाक मारून माझाही हात तिथे ठेवायला लावला.

दुखण्याविषयी या केंद्राची भूमिका स्पष्ट आणि लेखी होती. फिजिओथेरपी म्हणजे कोणीतरी जबरदस्तीने पाय वाकवणार, ही भीती आईच्या मनात खोल रुजलेली होती आणि त्यापायी अनेक माणसे उपचार अर्धवट सोडतात. थेरपिस्टने सुरुवातीलाच सांगितले, "काकू, मी तुमचा गुडघा वाकवणार नाही. तुम्ही वाकवायचा, मी फक्त मोजणार." आईला खुर्चीत बसवून चांगला पाय ऑपरेशनच्या पायापुढे आडवा ठेवायचा आणि त्यानेच मागे हलका रेटा द्यायचा, किती रेटायचे याचा ताबा पूर्णपणे तिच्याकडे. दुखणे ० ते १० या मापावर सांगायचे, ५ च्या वर गेले की थांबायचे, आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करायचे, असा नियम ठरला. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी घेतली जावी अशी वेळ शल्यविशारदांना विचारून बसवली गेली. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे. गोळी न घेता सहन करण्यात शहाणपण आहे असे मानणारी पिढी मोठी आहे. पण दुखण्याने आखडलेला माणूस व्यायाम टाळतो, आणि टाळलेल्या व्यायामाने सांधा जखडतो. फार जखडलेला गुडघा पहिल्या काही महिन्यांत भूल देऊन वाकवावा लागतो. ती वेळ येऊ नये म्हणून गोळीची वेळ सांभाळणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो इतक्या बारकाईने सांभाळणारे लोक मला इथे भेटले.

या केंद्रात येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका संस्थेमार्फत घरी येणारी सेवा घेतली होती. तिथून येणारी व्यक्ती गुडघ्याला यंत्राचे पॅड चिकटवायची, फोनवर बोलत बसायची, वेळ झाली की पॅड काढून पाय थोडा वर-खाली करायची आणि निघून जायची. कोन कधी मोजला गेला नाही, उशीविषयी कोणी बोलले नाही. आईला मात्र "आज मशीन लावलं" याचे समाधान वाटायचे, कारण यंत्र लावले म्हणजे उपचार झाला असे आपल्याला वाटते. म्हणून यंत्रांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पलंगावर ठेवलेल्या चौकटीत पाय बांधून तो आपोआप वाकवणारे आणि सरळ करणारे यंत्र अनेकांनी पाहिले असेल. सांधा सतत हलता ठेवण्याची ही कल्पना कॅनडातील अस्थिशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात मांडली आणि ती लवकरच जगभर पसरली. गुडघेरोपणाच्या बाबतीत मात्र २०१४ साली कोक्रेन या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने केलेल्या आढाव्यात असे दिसले, की या यंत्रामुळे वाकण्यात, दुखण्यात किंवा चालण्या-फिरण्यात दखल घेण्याजोगा फायदा होत नाही आणि सर्वांना ते सरसकट लावण्याचे कारण नाही. दुखणे कमी करण्यासाठी त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देणारे यंत्र काहींना तात्पुरता आराम देते, पण त्याने स्नायू बळकट होत नाही. स्नायूला आकुंचन पावायला लावणारा विद्युतप्रवाह ही वेगळी गोष्ट आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत, मांडीचा स्नायू हाकेला ओ देत नसताना, त्याचा खरा उपयोग होतो. या केंद्राने तेच यंत्र वापरले, तेही आईने स्वतः स्नायू आवळायचा आणि त्याच क्षणी यंत्राने साथ द्यायची अशा पद्धतीने, आणि स्नायू जागा झाल्यावर ते बंद केले. खोलवर उष्णता देणारे शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्रही तिथे होते, परंतु शरीरात धातूचे रोपण असलेल्या जागी ते वापरायचे नसते, अशी सूचना त्यावर ठळक अक्षरांत लावलेली होती. ज्या ठिकाणी प्रत्येक रुग्णाला तीच दोन-तीन यंत्रे ओळीने लावली जातात, तिथे पैसे आणि वेळ घालवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

ऑपरेशन झाले की निवांत पडून राहावे, हा सल्ला आजही घरोघरी दिला जातो आणि एके काळी वैद्यकशास्त्रही तोच देत असे. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांची यादीच मांडली होती: फुप्फुसे, रक्तवाहिन्या, स्नायू, हाडे, त्वचा, अगदी मनसुद्धा. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी ऑपरेशननंतर लवकर खाणे-पिणे, नीट वेदनाशमन आणि लवकर उभे राहणे यांची सांगड घालून दाखवली, आणि आज गुडघा किंवा खुबा बदललेल्या रुग्णाला शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते. पाऊल घोट्यातून वर-खाली हलवण्याचा अगदी साधा व्यायाम पहिल्या तासापासून सांगतात त्याचे कारणही हेच आहे. पोटरीचा स्नायू आवळला की शिरांतले रक्त वर ढकलले जाते आणि ते साकळून गाठ होण्याचा धोका कमी होतो. पोटरी अचानक दुखू लागली, एकाच पायाची सूज वाढली, छातीत दुखले किंवा दम लागला, जखमेतून स्राव येऊ लागला किंवा ताप आला, तर व्यायामाला न येता थेट रुग्णालयात जायचे, हे केंद्राने कागदावर लिहून आमच्या फ्रिजवर लावायला दिले होते. जखमेच्या बाहेरच्या बाजूला त्वचेचा एक भाग बधिर राहतो आणि त्याची आईला फार काळजी वाटत होती. छेद घेताना त्वचेची लहान मज्जातंतूशाखा कापली जात असल्याने हे पुष्कळांना होते आणि बधिर भाग सहसा हळूहळू लहान होत जातो, हे त्यांनी आपणहून सांगितले.

चालणे शिकवताना त्यांची नजर किती बारीक आहे हे लक्षात आले. आमच्या वॉकरची उंची कोणीच तपासली नव्हती. हात सैल सोडून उभे राहिल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी आणि मूठ धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहावे, एवढी साधी दुरुस्ती केल्यावर आईचे खांदे खाली आले आणि मानेचे दुखणे थांबले. पुढे काठी आली तेव्हा ती ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे डाव्या हातात, धरायला लावली. पुष्कळ माणसे दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि त्यामुळे शरीर नको तिकडे झुकते. जिन्यासाठी एकच सूत्र होते: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. केंद्रात चार पायऱ्यांचा लाकडी जिना आहे, त्याला एका बाजूला कठडा आहे आणि दुसरी बाजू मोकळी. आई कठड्याच्या बाजूने सुरू झाली. उतरताना वरच्या पायरीवर राहिलेल्या गुडघ्यावर शरीराचा सगळा भार येतो आणि तो सावकाश वाकवत खाली जायचे असते, म्हणून उतरणे चढण्यापेक्षा कठीण आहे. हे आम्हाला माहीत नव्हते आणि चढता आले म्हणजे झाले असे आम्ही धरून चाललो होतो. थेरपिस्टने सहा-सात सेंटीमीटर उंचीच्या फळीवर नुसते एक पाऊल खाली टेकवून परत वर आणण्याचा सराव इतक्या वेळा करून घेतला, की शेवटी खरा जिना उतरताना आई पायाकडे पाहत नव्हती, समोर पाहत होती. बरोबर आलेल्या माणसालाही कुठे उभे राहायचे ते शिकवले जाते: चढताना मागे, उतरताना पुढे, आणि हात न धरता कमरेजवळ तयार ठेवायचा.

प्रगती मोजण्यासाठी कोनाखेरीज दोन चाचण्या ठरावीक अंतराने घेतल्या जात. एकीत खुर्चीतून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. १९९१ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी जगभर वापरली जाते, आणि १२ सेकंदांच्या वर वेळ लागणाऱ्या वयस्क व्यक्तीच्या बाबतीत पडण्याचा धोका आहे असे समजून काळजी घेतात. दुसरीत ३० सेकंदांत हात छातीवर घेऊन किती वेळा उठबस करता येते ते मोजतात. हे आकडे वहीत लिहिले जात आणि ती वही रुग्णाकडेच राहत असे. याचा फायदा असा, की मधल्या आठवड्यांत जेव्हा कोन वाढणे थांबले आणि आई खचली, तेव्हा थेरपिस्टने वही उघडून उठबशीचा आकडा दाखवला. गुडघा तेवढाच वाकत होता, पण पाय अधिक ताकदीचा झाला होता. गुडघेरोपणानंतरची सुधारणा वर्षभरही चालू राहू शकते, आणि ती कधीच सरळ रेषेत होत नाही. हे शब्दांत सांगितलेले पटत नाही. वहीत दिसले की पटते.

आईचा व्यायाम चालू असताना आजूबाजूचे रुग्ण पाहूनही मला या सेवेचे मोल कळले, कारण तिथे प्रत्येकाला निराळे सांगितले जात होते. खांद्याचा फाटलेला स्नायुबंध शिवलेल्या एका गृहस्थांना थेरपिस्ट सारखी बजावत होती की हात स्वतःच्या जोराने उचलायचा नाही. शिवलेली जागा हाडाला जुळेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, झोळी वापरायची आणि हात दुसऱ्याच्या आधारानेच हलवायचा. त्याच खोलीत बोटाचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शिवलेल्या मुलीला मात्र पट्टीच्या आत बोट थोडे थोडे हलवत राहायला सांगितले जात होते, कारण कंडरा अगदी स्थिर ठेवला तर तो भोवतालच्या आवरणाला चिकटून बसतो आणि जास्त ओढला तर तुटतो. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध बसवलेला एक तरुण खेळाडू पाय पूर्ण बरा वाटतो म्हणून मैदानावर जायची घाई करत होता. त्याला सांगण्यात आले की नवा बंध आतून मजबूत व्हायला बरेच महिने लागतात, नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरणाऱ्यांत पुन्हा इजा होण्याचे प्रमाण जास्त असते, आणि ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्क्यांपर्यंत आल्याशिवाय परवानगी मिळणार नाही. हृदयाचे ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना छातीशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवत होते, म्हणजे कापलेल्या हाडावर ताण न येता कफ बाहेर पडतो. एकाला थांबवायचे आणि दुसऱ्याला हलवायचे, हा निर्णय ऑपरेशनमध्ये नेमके काय केले आहे हे ठाऊक असल्याशिवाय घेता येत नाही. म्हणूनच मोबाइलवर पाहिलेले किंवा शेजाऱ्यांनी सांगितलेले व्यायाम, ते कितीही चांगले असले तरी, आपल्या ऑपरेशनला लागू असतीलच असे नाही.

आता त्रुटींकडे येते. संध्याकाळी या केंद्रात फार गर्दी होते, आणि एकच थेरपिस्ट एकाच वेळी तीन-चार रुग्णांकडे पाहत असते. अशा वेळी आईचा सराव नीट होतो आहे का हे पाहायला कोणी नसे आणि उठबशीच्या वेळी ती सगळा भार डाव्या पायावर टाकते आहे, हे मलाच दाखवून द्यावे लागले. मधल्या काळात थेरपिस्ट बदलली तेव्हा नव्या व्यक्तीने वही न वाचताच सुरुवातीचे व्यायाम पुन्हा करून घेतले; तक्रार केल्यावर दुरुस्ती झाली, पण तक्रार करावी लागायला नको होती. शल्यविशारदांना केंद्राकडून काहीच अहवाल जात नाही, रुग्णालाच निरोप्या व्हावे लागते. घरी करायच्या व्यायामांचा जो छापील कागद देतात त्यातली चित्रे इतकी लहान आहेत की चष्मा लावूनही आईला दिसत नव्हती. मी ती मोठी करून घेतली. आणि घर पाहायला कोणीही आले नाही. न्हाणीघराची फरशी, कमोडची उंची, पायात अडकणारी सतरंजी, रात्री पलंगापासून दिव्याच्या बटनापर्यंतचे अंतर, या गोष्टींवर घरी पडणे किंवा न पडणे अवलंबून असते. प्रत्यक्ष भेट जमत नसेल तर निदान फोटो मागवून सल्ला देता आला असता.

सर्वांत मोठी उणीव पाठपुराव्याची आहे. ठरलेल्या बैठका संपल्या, आई जिना एकटीने चढू-उतरू लागली, वहीवर सही झाली आणि संबंध संपला. मांडीच्या स्नायूची ताकद त्यानंतरही दीर्घकाळ कमीच राहते आणि घरचा व्यायाम हळूहळू मागे पडतो, हे थेरपिस्ट मंडळींना आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. सहा महिन्यांनी आणि वर्षाने एकदा बोलावून त्याच दोन चाचण्या घेणे फार अवघड नाही, आणि तशी लेखी सूचना मी केंद्राला दिली आहे.

एवढे असूनही ओळखीत कोणाचे गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन ठरले की मी हेच केंद्र सुचवते, आणि शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच एकदा जाऊन या असे सांगते, कारण वॉकर वापरणे आणि मांडी आवळणे हे दुखत नसताना शिकणे सोपे जाते. सकाळची वेळ मागून घ्या, थेरपिस्ट बदलणार असेल तर नव्या व्यक्तीसमोर वही उघडून ठेवा, आणि घरी व्यायाम करून घेणारी जी व्यक्ती असेल तिलाच पहिल्या भेटीला बरोबर न्या. जिथे पहिल्या भेटीत कोन मोजला जात नाही आणि डिस्चार्ज कार्ड मागितले जात नाही, अशा ठिकाणी दुसऱ्यांदा जाऊ नका.